यात मेलं कोण?

माझी बायको कायदे लिहायची. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणतात, कायदे तर आमदार करतात ना? अहो, आमदार हात वर करतात. त्याआधी कुणालातरी बसून ते लिहावे लागतात. सुनंदा राज्याच्या एका कर खात्यात अपर आयुक्त होती आणि खात्याची विधी शाखा तिच्या हाताखाली होती. विधेयकांचे मसुदे, नियम, अधिसूचना, सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. खातं कुठलं ते मी सांगणार नाही. तिला आवडणार नाही, आणि तिच्याशी एकदा भांडलो ते मला जन्माचं पुरलंय.

मी श्यामसुंदर चुरी. आम्ही मूळचे मालाडचे, आता वीस-बावीस वर्षं चारकोपला सेक्टरात राहतो. इथल्याच औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं माल तपासायचं काम केलं. चांगल्या दिसणाऱ्या मालात खोट शोधायची, यासाठीच मला पगार मिळायचा. स्वभावही तसाच झाला. माझी मुलगी गंधाली म्हणते, बाबा वाढदिवसाच्या केकमध्येपण आधी भेग बघतात.

सुनंदाने या स्वभावाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. कुठलाही मसुदा सही करण्याआधी ती मला वाचून दाखवायची. रविवारची सकाळ, जेवणाचं टेबल, माझ्यासमोर मेथीची जुडी नाहीतर सोलायचा लसूण, तिच्यासमोर कागदांचा गठ्ठा. सगळे मसुदे शेवटी छापून लोकांसमोर जायचेच, त्यामुळे त्यात गुपित काही नसायचं. एक कलम वाचायची आणि थांबायची. मला काय कळलं ते मी माझ्या भाषेत सांगायचं. मग ती चष्म्यावरून बघत विचारायची, "बोला, यात मेलं कोण?"

हा प्रश्न तिने नोकरीच्या पहिल्या वर्षांत कमावला होता. तिने लिहिलेल्या एका नियमात धंद्याचा कायमचा पत्ता सक्तीचा होता. वर्षभराने एक म्हातारा कल्हईवाला तिच्या केबिनबाहेर येऊन उभा राहिला. तीन दिवस उभा होता. त्याला पत्ताच नव्हता, फिरता धंदा, आणि दंडाची नोटीस मात्र बरोबर पोचली होती. "मी कुणाला मारायला नव्हतं हो लिहिलं," असं ती मला त्या रात्री रडत म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक कलमाला हा प्रश्न. मी पण मग जोरात शोधायचो. एकदा तिने वाचलं, अर्जावर सही आवश्यक. मी म्हटलं, "अंगठेवाले मेले." तिने तिथल्या तिथे हिरव्या पेनाने दुरुस्त केलं. वरच्या अधिकाऱ्यांची शाई हिरवी असते, त्या पेनाचा तिला भारी अभिमान. आणि त्याहून मोठा अभिमान तिच्या सेवापुस्तकाचा. चौतीस वर्षांत एक ज्ञापन नाही. ज्ञापन म्हणजे वरून येणारं खुलासा मागणारं पत्र, सरकारी माणसाच्या तोंडात मारायची सभ्य पद्धत.

आता भांडणाचं सांगतो. त्यात माझी अब्रू जाते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत माझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं. सुनंदा मेअखेर निवृत्त व्हायची होती आणि जायच्या आधी तिच्या हातात एक मोठं काम होतं. छोट्या धंद्यांवरच्या करांचे सात जुने कायदे मोडून एकच नवा करायचा, चौऱ्याण्णव कलमांचा. श्राद्धाच्या दिवशी पानं वाढली, माणसं बसली आणि तिचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली. चाळीस मिनिटं! माझ्या दोन्ही बहिणी एकमेकींकडे बघतायत, वडे थंड झालेत. मग ती आत आली, मला म्हणाली, "मंत्र्यांकडे बोलावलंय," आणि गेली. आईच्या वर्षश्राद्धातून उठून गेली! माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी सातला परत आली. दमलेली होती, ते मला दिसत होतं, पण दिसूनही दया आली नाही. पिशवीतून गठ्ठा काढून म्हणाली, "अहो, शेवटची बारा कलमं वाचायची राहिलीत. उद्या सही करायचीय."

मी म्हटलं, "तुझे कायदे त्या मंत्र्याला वाचून दाखव. मी काय तुझा शिपाई आहे?"

तिने गठ्ठा परत पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "बरं."

तिचं ते 'बरं' शिवीपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी ती न वाचताच सही करून आली. पुढे तीन आठवडे आमच्या घरात दूध, गॅस आणि लाइटबिल यांपलीकडे शब्द नव्हता. ती तिच्या जागी ताठ, मी माझ्या.

मार्चमध्ये अधिवेशनात विधेयक मांडलं गेलं. सोमवारी त्याची छापील प्रत ती घरी घेऊन आली आणि टेबलावर ठेवून दिली. वाचा म्हणाली नाही. मी पण हात लावला नाही.

बुधवारी सकाळी दहाला मंजुळा आली. मंजुळा मार्वेच्या बाजूच्या कोळीवाड्यातली. आम्ही इथे आल्यापासून आमच्या सोसायटीत मासळी घालते. नवऱ्याची लहान होडी आहे, तो आणि मुलगा अल्पेश पकडतात, ही आणि सून विकतात. टोपली उतरवून तिने कमरेच्या बटव्यातून एक कागद काढला. घडीवर चार तुकडे झालेला, कडा काळ्या पडलेल्या.

"भाऊ, मॅडमबायला सांगून ह्यो नवीन करून द्या मना," ती म्हणाली. "माफीचा दाखला हाय. परवाच्या दिशी निरीक्षक आलता, त्याला दाखवला तर बोलतो, वाचताच येत नाय."

मी कागद घेतला. घरच्यांनी पकडलेली मासळी विकणाऱ्या बायकांना धंद्यावरचा कर माफ, असा दाखला होता. वर बारीक अक्षरात अधिसूचनेचा क्रमांक आणि पस्तीस वर्षांपूर्वीची तारीख. मंजुळा गेली. बोंबील फ्रिजमध्ये टाकले आणि मी तो कागद चिकटपट्टीने जोडायला टेबलाशी बसलो. समोर ते विधेयक.

खोटं कशाला बोलू, तिची चूक काढायलाच मी ते उघडलं. तीन आठवड्यांचा राग होता. मागून सुरुवात केली, न वाचलेल्या बारा कलमांपासून. शेवटचं चौऱ्याण्णवावं. त्यात लिहिलं होतं की जुने सातही कायदे रद्द. त्यांच्याखाली चालू असलेली अपिलं, खटले आणि वसुली मात्र चालू राहतील. संपलं. मी दाखल्यावरचा क्रमांक पाहिला. मग विधेयकाच्या शेवटची माफीची यादी पाहिली. त्यात अंध होते, हातमागवाले होते, बचत गट होते. मासळी कुठे नव्हती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट लावून दोनदा गेलो. नव्हती.

इतकी वर्षं तिचं ऐकून एवढं मला माहीत होतं: जुना कायदा मेला की त्याच्या पोटातून निघालेल्या अधिसूचनापण त्याच्याबरोबर मरतात. त्या जगवायच्या तर तसं एक वाक्य लिहावं लागतं. ते वाक्य तिथे नव्हतं.

राग कुठल्या कुठे गेला. फोन लावला.

"काय?" ती म्हणाली. मागे माणसांचा आवाज होता.

"सुनंदा, यात मेलं कोण ते सापडलं."

तिने दरवाजा लावल्याचा आवाज आला. "वाचा," ती म्हणाली. मी चौऱ्याण्णवावं कलम वाचलं, मग मंजुळाचा दाखला वाचला. आयुष्यात पहिल्यांदा मी वाचत होतो आणि ती ऐकत होती.

"ते वाक्य होतं," ती अगदी हळू म्हणाली. "आमच्या शाखेतल्या प्रांजलने घातलं होतं. मी खोडलं. सगळ्या माफ्या यादीत आल्यात, मग दोनदा कशाला, म्हणून मी खोडलं. मला वाटलं मला सगळ्या अधिसूचना पाठ आहेत." आणि फोन बंद.

विधेयक दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, विधानसभेत मंजुरीला होतं. शुक्रवारी वरच्या सभागृहात, आणि मग अधिवेशन खलास. कराच्या विधेयकात वरचं सभागृह स्वतः काही बदलू शकत नाही. म्हणजे जे करायचं ते गुरुवारीच, नाहीतर मंजुळा आणि तिच्यासारख्या सगळ्या किनाऱ्यावरच्या बायका एका वाक्यावाचून कराच्या जाळ्यात.

ती संध्याकाळी साडेसहाला आली, पाठोपाठ प्रांजल. प्रांजल तिच्या शाखेतली सहायक आयुक्त, मालाडला राहते, तिशीतली हुशार पोरगी. चेहरा उतरलेला. सुनंदाने पर्सपण खाली ठेवली नव्हती तोच सचिवांचा फोन आला. देवदत्त साहेब, वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, फार गोड बोलणारे. तिने स्पीकरवर ठेवला, मला ऐकू यावं म्हणूनच ठेवला असेल.

"मॅडम, एवढं टेन्शन घेऊ नका. उद्या मंजूर होऊ द्या. अडचण दूर करायचा आदेश आपण नंतर काढू ना."

"नंतर म्हणजे कधी, सर?"

"सहा महिने, आठ महिने. तुम्ही तर तोवर न्यायाधिकरणावर असाल." साहेब हसले. "तुमची फाईल माझ्याच टेबलावर आहे."

तेही खरं होतं. निवृत्तीनंतर न्यायाधिकरणावर सदस्य म्हणून तिचं नाव गेलं होतं. पाच वर्षांची मानाची जागा. तिला ती किती हवी होती ते मला ठाऊक होतं, तिने नवी साडीपण घेऊन ठेवली होती.

"आठ महिन्यांत निरीक्षक टोपल्या उचलतील, सर," सुनंदा म्हणाली. "मला उद्याच शासकीय दुरुस्ती मांडायचीय."

"मग टंकलेखनाची चूक म्हणा," साहेब म्हणाले. "नेहमीसारखं."

सरकारात चूक कुणाचीच नसते, टायपिस्टची असते. चौतीस वर्षं मी हे ऐकत आलोय आणि हसत आलोय. त्या संध्याकाळी हसू आलं नाही.

फोन संपल्यावर प्रांजलने पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "मॅडम, फाईलमधलं ते पान मी नवीन करून आणलंय. यात ते वाक्य नाहीच. म्हणजे तुमची ती हिरवी रेघ... ती दिसणार नाही. माझ्याकडूनच राहून गेलं असं होईल. मी अजून ज्युनियर आहे, मॅडम, मला काय होणारे?"

मी त्या पानाकडे बघितलं. स्वच्छ, कोरकरीत. आणि मी, एकतीस वर्षं माल तपासलेला माणूस, म्हणालो, "टाक ना गं ते पान! पोरगी एवढं म्हणतेय तर."

सुनंदा माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "प्रांजल, हे तू कुठे शिकलीस? माझ्याकडे तर नाही शिकलीस."

पोरगी रडायला लागली.

"रडू नकोस. तुझं बरोबर होतं आणि मी खोडलं." मग मला म्हणाली, "आणि तुम्ही जरा ऐका. टायपिंगची चूक म्हटलं की शुद्धिपत्रक निघतं, अक्षरं सुधारतात. कायद्यात नसलेलं वाक्य त्याने जिवंत होत नाही. ते सभागृहातच घालावं लागतं, आणि मंत्र्यांना आधी लिहून द्यावं लागतं की हे होतं, ते काढलं, कुणी काढलं आणि का. खोटं लिहिलं आणि उद्या सभागृहात कुणी मूळ फाईल मागितली तर दुरुस्तीच अडकेल. मग ह्या बायका मेल्याच."

तिने हिरवं पेन काढलं. दीड पानाची टिप्पणी लिहिली. तिसऱ्या ओळीत होतं: 'सदर तरतूद मूळ मसुद्यात होती. ती माझ्याकडून, चुकीच्या समजुतीने, वगळण्यात आली.' खाली पूर्ण नाव आणि हुद्दा. लिहून संपल्यावर पेनाचं टोपण तिला लावता येईना. मी लावून दिलं.

गुरुवारी सकाळी सातला तिचा ड्रायव्हर मधुकर गाडी घेऊन आला आणि ती गेली. मी अकरापासून टीव्हीसमोर. सभागृहाचं कामकाज दाखवतात ना, ते लावलं. विधेयक यादीत आठवं होतं, म्हणजे दुपार होईल. सव्वाअकराला तिचा फोन आला. "मंत्री बैठकीत आहेत. दुरुस्तीवर सही झालेली नाही. मी आता आत जातेय, अधिकाऱ्यांच्या गॅलरीत फोन बंद ठेवावा लागतो."

"मग कसं होणार गं?"

"बघू," ती म्हणाली.

साडेअकराला सभागृहात राडा सुरू झाला. कुठल्यातरी विषयावरून विरोधक पुढे मोकळ्या जागेत उतरले, घोषणा, कागद भिरकावणं. मी म्हटलं आता तहकूब होईल, वेळ मिळेल. कसलं काय! त्या गोंधळातच विधेयकं घ्यायला सुरुवात झाली. पहिलं. दुसरं. चर्चा नाही, काही नाही. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." "होय." मंजूर. एकेक विधेयक दोन-दोन मिनिटांत. चौथं गेलं. मी उठून उभा राहिलो. पाचवं. तिला फोन लावला, बंद. सहावं. मी टीव्हीवर ओरडलो, "अरे थांबा ना यार!" शेजारच्या जयंतीताई दारात येऊन बघून गेल्या.

आठवं पुकारलं. मंत्री उठले. हातात विधेयक, बाकी काही दिसेना. विधेयक विचारात घ्यावं म्हणाले. होय. मंजूर. वरून वाचणं सुरू झालं, "कलम दोन ते..." आणि गलक्यात पुढचा आकडाच ऐकू आला नाही. मी टीव्हीला कान लावला. म्हटलं संपलं, वाट लागली, चौऱ्याण्णवपर्यंत एका दमात गेलं. तेवढ्यात मंत्र्यांमागून, अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडून, एक शिपाई वाकून आला आणि त्याने त्यांच्या हातात एक कागद दिला. मंत्र्यांनी तो पाहिला, पेन काढून उभ्या उभ्या सही केली आणि हात वर केला.

"कलम चौऱ्याण्णव. शासकीय दुरुस्ती आहे," वरून आवाज आला. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

"होय."

मी रडलो, सांगायला लाज नाही.

वीस मिनिटांनी तिचा फोन आला. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग काय कळलं, ते सांगा."

माझ्या भाषेत सांगितलं. "जुना कायदा मेला तरी त्याच्या माफ्या जिवंत. मंजुळा जिवंत." मग एका दमात म्हटलं, "सुनंदा, माझं चुकलं गं. त्या दिवशी मी ऐकायला बसलो असतो तर हे झालं नसतं."

"तुम्ही ऐकलं असतंत तर सापडलं असतं," ती म्हणाली. "पण खोडलं मी होतं." मग म्हणाली, "आणि मीपण त्या दिवशी पानावरून उठायला नको होतं. सासूबाईंना वडे फार आवडायचे."

न्यायाधिकरणावर एप्रिलमध्ये दुसऱ्याच कुणाची नेमणूक झाली. देवदत्त साहेबांनी पेढे पाठवले नाहीत, एवढं बरं केलं. नवी साडी तिने निरोप समारंभाला नेसली. प्रांजल पाया पडली आणि तिने ते हिरवं पेन प्रांजलला देऊन टाकलं.

निवृत्तीच्या दोनच दिवस आधी तिच्या हातात एक लखोटा पडला होता. तिने तो फोडला नाही, मला सांगितलंही नाही. जूनच्या पहिल्या रविवारी मी मेथी निवडत होतो, तर समोर येऊन बसली, तो लखोटा फोडला आणि चष्मा लावून वाचायला लागली. "ज्ञापन. विधेयकाच्या मसुद्यातील महत्त्वाची तरतूद वगळण्याच्या गंभीर हलगर्जीपणाबद्दल आपला खुलासा..." शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, सगळी कलमं वाचायची त्याच सुरात. चौतीस वर्षांतलं पहिलं आणि शेवटचं. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, "बोला, यात मेलं कोण?"

एवढी वर्षं कधी अडलो नव्हतो. हातातली काडी मी मोडत बसलो.

बेल वाजली. मंजुळा. टोपली टेकवता टेकवताच तोंड सुरू. "मॅडमबाय, कागदाचा काय जाला? तीन म्हयने जाले!"

मी आतून तिचा दाखला आणला. नवा कशाला लागतोय, जुनाच चालू राहिला होता, त्याच क्रमांकासकट. मी फक्त तो जोडून, प्लास्टिकमध्ये घालून पक्का करून आणला होता. मंजुळाने उलटसुलट करून बघितला.

"ह्यो तर तोच हाय! नुसता चिकटवून दिलाव?" तिने सुनंदाकडे असं बघितलं की विचारू नका. "एवढी मोठी साहेब तू. बावीस वर्सां मासली घालते तुजे घरान, आनि तुज्यानं एक नवीन कागद नाय जाला?"

"नाही झाला गं," सुनंदा म्हणाली.

"ऱ्हाऊदे, यो तर यो." मंजुळाने दाखला बटव्यात कोंबला, बोंबलांचा वाटा जरा जास्तच घातला आणि टोपली डोक्यावर घेऊन जिना उतरली. सुनंदा दार लावून आली. तिने ज्ञापनाची घडी घातली, लखोट्यात ठेवलं आणि माझ्यासमोरची मेथी बाजूला सारली.

"कुणी नाही मेलं," ती म्हणाली. "चला, बोंबील साफ करायला घ्या."